गेल्याची पावती

शिरोलीच्या फौंड्रीत अकरा वर्षं
काळ्या रेतीत पॅटर्न दाबला, अलगद उचलला.
खाली राहते ती पोकळी.
तिच्यात लोखंड ओततात,
निवलं की साचा फोडून टाकतात.
माझं काम पोकळीपर्यंतचं.

ऑर्डरी आटल्या. मुकादम म्हणाला, बस घरी थोडे दिवस.
थोडे म्हणजे किती, हे त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
आजोळी दाजीपूरला आलो.

आईचे वडील, गुंडूआप्पा, शिकारीच्या काळात
माग काढायचे.
साहेबलोक मचाणावर, हाकेवाले डबे बडवत रानात,
आणि आप्पा सगळ्यांच्या पुढं, अनवाणी,
नाक जमिनीला लावल्यागत.
मजुरी सहा आणे.
सांबर पडलंच, तर मानेचं मटण.

म्हातारपणी सोप्यात बसून मला सांगायचे,
"माग म्हंजे जनावर न्हवं, पोरा.
जनावर गेल्याची पावती."

आता बंदुका नाहीत. अभयारण्याची पाटी आहे.
वनखात्याचं पाच दिवसांचं शिबिर झालं,
गळ्यात प्लास्टिकचं कार्ड, गाईड नंबर सतरा.
खाकी शर्ट पापाच्या तिकटीजवळ शिवला,
दुर्बीण हप्त्यावर, महिना नऊशे.
बायको म्हणाली,
बघूया, गवा पगारपत्रकावर सही करतो का.

नोव्हेंबरात गेट उघडलं.
पहिलं गिऱ्हाईक इचलकरंजीचं,
चार माणसं, एक पोरगी, चिवड्याचा डबा.
"गवा नक्की दिसंल न्हवं? का पैसे परत?"
मी म्हणालो, दिसंल की.
पहिल्याच दिवशी पहिलं खोटं.

कारवीतून सड्यावर, सड्यावरनं पाणवठ्याला,
दहिवरानं विजारी गुडघ्यापर्यंत भिजल्या.
शेकरू दिसलं, तेही शेपटापुरतं.
मग चिखलात खूर, दुभंग, हातभर खोल,
कडा अजून ढासळलेल्या नाहीत.
माझ्या बोटांना रेतीची सवय,
कड दाबून बघितली: तासाभरापूर्वीचा.
पोरगीनं खुरात आपला अख्खा पंजा ठेवला
आणि हात काढायला तयार होईना.
बाप घड्याळ बघत होता.

परतताना त्यातला एकजण मागं रेंगाळला.
पिवळा टी-शर्ट, हळू आवाज.
"रात्रीचं काय जमतंय का?
भेकर, ससा, कायबी. टॉर्च हाय, गाडीत दुसरंबी हाय.
तू निस्ता वाट दाव. पाच हजार."

पाच हजार.
दुर्बिणीचे पाच हप्ते, वर चहापाणी.
आणि खरं सांगतो, आधी छाती फुगली:
कुणाला तरी आप्पांची विद्या हवी होती,
शिबिरातली नव्हे, ती जुनी, अनवाणी.

तेव्हा आठवलं, आप्पांनी एकदाच सांगितलेलं,
दिवा मालवल्यावर.
एका हाक्याला ओढ्याकाठी माग लागला,
जड, मागचे पाय फाकलेले. गाभण सांबरी.
साहेबानं विचारलं, किधर?
आप्पा उलट्या बाजूला हात करून म्हणाले,
"गेली सायेब, डोंगरापल्याड."
त्या दिवशी मटण नाही.
सहा आण्यातले दोन कापले.

पाणवठ्याच्या अलीकडं, जांभळीखाली,
भेकराच्या खुरांची कोवळी जोडी होती,
सकाळीच बघून ठेवलेली,
कुणाला दाखवली नव्हती.
पिवळा टी-शर्ट तिच्यापासून दहा पावलांवर
माझ्या उत्तराची वाट बघत उभा.

"भेकर? ह्या अंगाला न्हाई येत," म्हणालो,
आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्यागत करून
टाचेनं माती सारखी केली.

साचा फोडायची सवय नव्हती,
ते काम दुसऱ्या पाळीचं असायचं.

गेटवर त्यांनी ठरलेल्यातले शंभर कमी दिले:
गवा दिसला नाही म्हणून.
पोरगीच्या पंजाला वाळका चिखल,
पुसू देत नव्हती.
मी वहीत तारीख लिहिली, पुढं लिहिलं
शेकरू एक, गवा तासाभराचा,
भेकर,
आणि तिथंच थांबलो.
वही साहेबाला दाखवायची असते.